तोंडदेखले

टेलिफोनमध्ये आवाजाबरोबर माणसाचे तोंडही दिसू लागले, ही विज्ञानाची मोठीच प्रगती असेल. पण आमच्या घरात तिचा पहिला परिणाम झाला तो ओट्यावर. साधा फोन वाजला तर आमच्या सौभाग्यवती तो खांदा आणि कान यांच्या चिमटीत धरतात आणि पोळ्या लाटणे चालू ठेवतात. पण वाजणारा फोन 'व्हिडीओ कॉल' आहे असे दिसले, की घरात धाड पडल्यासारखी धावपळ उडते. खुर्चीच्या पाठीवरचे टॉवेल नाहीसे होतात, केसांवरून हात फिरतो, माझ्या बनियनच्या भोकांकडे एक जळजळीत कटाक्ष जातो, आणि एवढे होईपर्यंत फोन वाजायचा थांबलेला असतो. मग आपण उलट फोन करायचा. तो लवकर उचलला जात नाही. कारण उघड आहे. तिकडेही टॉवेल आवरले जात असतात!

मी मराठीचा अध्यापक आहे. नवी वस्तू हातात आली की तिच्यासाठी आपल्या भाषेने आधीच कोणता शब्द करून ठेवला आहे, हे चाचपून पाहण्याची मला खोड आहे. तोंडाच्या बाबतीत मराठी भाषा फार श्रीमंत. तोंड दाखवावे, तोंड चुकवावे, तोंड लपवावे, तोंड फिरवावे आणि अगदीच जमेना तर तोंड काळे करावे. पण या सगळ्यांत 'तोंडदेखले' हा शब्द पूर्वजांनी व्हिडीओ कॉलसाठीच राखून ठेवला होता, अशी माझी खात्री झाली आहे. समोरच्याचे तोंड दिसते आहे म्हणून जे बोलावे लागते, ते तोंडदेखले बोलणे. "अय्या, किती बारीक झालात!" हे वाक्य मी आजवर साध्या फोनवर एकदाही ऐकलेले नाही. आणि सूनमुख? शेजारी बसलेल्या सुनेचे तोंड थेट न पाहता आरशाच्या काचेत पाहणारी आपली सासू ही या यंत्राची पहिली ग्राहक म्हटली पाहिजे.

तसे हे यंत्र आपण समजतो तेवढे नवे नाही. जर्मनीच्या टपाल खात्याने मार्च १९३६ मध्ये बर्लिन आणि लाइपझिग या दोन शहरांत तोंड पाहून बोलण्याची सोय सामान्य जनतेसाठी उघडली होती; पुढे महायुद्धात, १९४० साली, ती बंद पडली. मग १९६४ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात अमेरिकेच्या बेल कंपनीने 'पिक्चरफोन' मांडला. लोकांनी रांगा लावून तो पाहिला. त्याच वर्षी न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि शिकागो येथे त्याची केंद्रे निघाली. न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला तीन मिनिटे बोलायचे तर सोळा डॉलर! १९७० साली पिट्सबर्ग शहरात तो कचेऱ्यांतून बसवायला सुरुवात झाली, तेव्हा भाडे होते महिन्याला १६० डॉलर. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशातही ते चालले नाही. पैसा हे एक कारण झालेच. दुसरे असे, की आपण यंत्र घेतले तरी ज्याच्याशी बोलायचे त्यानेही ते घेतलेले असावे लागते. एकट्याच्या घरी पिक्चरफोन म्हणजे बिनजोडीचा चप्पल. आणि तिसरे, ज्याचा उल्लेख जाणकार करतात ते असे, की टेलिफोन वाजला म्हणून आपले दर्शन द्यायला माणसे राजी नव्हती. म्हणजे तिकडेही टॉवेल होतेच.

आपल्याकडे २०१६ साली दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. सप्टेंबरात जिओ आले आणि डेटा स्वस्त झाला. नोव्हेंबरात व्हॉट्सॲपवर तोंडे दिसू लागली. अमेरिकन व्यापाऱ्याला सोळा डॉलरला जे परवडले नाही, ते आमच्या भोरच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुड्या बांधणारी बाई एका हाताने करू लागली. सोय झाली हे खरे. पण सोय झाली म्हणजे गोडी लागतेच असे नाही.

माझी तक्रार अशी, की या यंत्रात तोंड दिसते पण नजर मिळत नाही. कॅमेरा असतो फोनच्या वरच्या कडेला आणि समोरच्याचा चेहरा असतो त्याच्या खाली. आपण त्याच्या डोळ्यांत पाहिले, तर त्याला आपण त्याच्या हनुवटीकडे पाहत आहोत असे वाटते. त्याच्याकडे पाहतो आहोत असे वाटायला हवे असेल, तर त्याच्याकडे न पाहता एका काळ्या ठिपक्याकडे पाहावे लागते. नजरेला नजर न देता बोलणाऱ्या माणसाविषयी आपली वडील माणसे काय म्हणत, ते वाचकांना ठाऊकच आहे. शिवाय कोपऱ्यातल्या चौकटीत आपलेच तोंड सतत दिसत असते. जन्मभर मी वर्गात बोलत आलो, पण बोलताना आपण कसे दिसतो हे पाहण्याचा प्रसंग २०२० साली आला. घरी बसून तासभर मी विद्यार्थ्यांना संतवाङ्मय शिकवी. विद्यार्थी साठ, त्यांतले पडद्यावर चार. बाकीची काळी चौकोनी खिडकी आणि आत नावाचे पहिले अक्षर. डेटा वाचावा, हे एक कारण. दुसरे मला एका विद्यार्थिनीने पुढे सांगितले. तिच्या पाठीमागे गोठा येत होता.

पण ज्यांना या यंत्रातली चित्रेच ऐकू येतात, अशीही माणसे आहेत. भोरच्या एस.टी. स्टँडवर मी एकदा एका मुक्या तरुणाला फोन बाकाच्या पाठीला टेकवून दोन्ही हातांनी भराभरा बोलताना पाहिले. पलीकडे त्याचा मित्र तशाच खुणांनी उत्तरे देत होता, आणि मधूनच दोघे असे काही हसत, की बाकीचे उतारू आपण काही मुकलो की काय अशा मुद्रेने पाहत राहिले. टेलिफोन काढणाऱ्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलची आई बहिरी होती, बायकोही बहिरी होती, आणि तो स्वतः बहिऱ्यांचा शिक्षक होता. १८७६ साली त्याने ज्याचे पेटंट घेतले, ते यंत्र त्याच्या घरातल्या या दोन बायकांच्या काहीच उपयोगाचे नव्हते. त्या बाकावरच्या तरुणासाठी टेलिफोन सव्वाशेपेक्षा अधिक वर्षे उशिरा आला, असेच म्हणायला हवे. त्याचे बोलणे तोंडदेखले म्हणायची कोणाची छाती आहे?

आता आमच्या मुलखाविषयी थोडे सांगायला हवे. पुण्यामुंबईच्या वाचकाला 'रेंज' ही वस्तू हवेसारखी वाटते. आमच्याकडे ती पाण्यासारखी आहे, म्हणजे कुठे आहे ते माहीत असावे लागते आणि तिथवर चालत जावे लागते. खुद्द भोरला तोटा नाही. पंतसचिवांचे हे जुने संस्थान १९४८ साली विलीन झाले. राजवाडा उभा आहे, आणि नीरेच्या काठी बसून जगात कोणाशीही बोलता येते. पण माझे मूळ गाव आहे वेल्हे तालुक्यात. २०२५ साली त्या तालुक्याचे नाव राजगड झाले. तरी जुन्या माणसांच्या तोंडून अजून वेल्हेच येते, आणि मीही त्यांच्यातलाच. कापूरहोळ, नसरापूर, मार्गासनी, विंझर असे करीत वेल्ह्याला पोचावे, आणि पुढे केळदच्या रस्त्याला लागावे. तिथे तोरणा आहे, सुमारे चौदाशे मीटर उंच. मोबाइलच्या लहरी उजेडासारख्या जवळजवळ सरळ जातात. मनोरा आणि आपण यांच्यामध्ये तोरण्यासारखा गृहस्थ उभा राहिला, की संपले.

गमतीची गोष्ट अशी, की याच डोंगरांवरून दूरचे पाहण्याची विद्या फार जुनी आहे. १६७० च्या फेब्रुवारीत मावळ्यांनी कोंढाणा घेतला, तेव्हा त्यांनी गडावरची पागेची खणे पेटवली आणि तो उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला, असे सभासदाची बखर सांगते. गड आला हे महाराजांना त्या रात्रीच कळले. तानाजी पडला, हे मात्र दुसऱ्या दिवशी जासूद आला तेव्हा कळले. तानाजीचे शव केळदजवळच्या मढे घाटाने कोकणात उमरठ्याला नेले, असे आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या सांगतात. आणि घाटाला ते नाव त्यावरूनच पडले, असेही म्हणतात. मी लहान असताना आत्याने मला ही गोष्ट सांगितली होती. तेव्हा ती घाटाच्या दिशेला बोट करून सांगे, जणू ती माणसे आत्ताच तिकडून गेली आहेत.

ही आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे. तिचा मुलगा, आमचा दादा, वाशीच्या बाजारात माथाडी. त्याने २०१८ साली तिला मोठ्या पडद्याचा फोन आणून दिला आणि तोंड दिसणारा फोन कसा घ्यायचा ते शिकवले. आत्याने तो घेतला आणि रीतसर कानाला लावला. तिचे म्हणणे, फोन म्हणजे कानाला लावायची वस्तू. पुढे बरेच महिने दादाला आईचे दर्शन म्हणून एक कान आणि त्यातली कुडी एवढेच होत असे. तो ओरडे, "आये, तोंडापुढं धर." ती म्हणे, "मग ऐकू कसं याचं रं?"

गावात रेंज येई ती एकाच ठिकाणी, देवळामागच्या टेपाडावर. गावकऱ्यांनी त्या टेपाडाचे नावच 'नेटवर्क' ठेवले होते. "आत्या कुठं आहेत?" म्हणून विचारावे, तर "नेटवर्कला गेल्यात" असे उत्तर येई.

जुलै २०२० मध्ये मामा गेले. आत्याच्या यजमानांना आम्ही मामाच म्हणतो. त्यांना साथीचा आजार नव्हता. वय झाले होते, पाऊस मानवला नाही, एवढेच. रात्री अकराच्या सुमाराला गेले. शेजारच्या मुलाने कंदील घेऊन टेपाडावर चढून मला भोरला आणि दादाला वाशीला कळवले. मी पहाटे मोटारसायकलवर निघालो. दादा निघू शकला नाही. त्याची इमारत त्या आठवड्यात बंद केलेली होती, आणि जिल्हा ओलांडायला पास लागत असे. पास मागितला, पण तो हातात पडेपर्यंत थांबणे शक्य नव्हते. वेल्ह्याचा जुलैचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे सांगायला नको.

तिरडी बांधली गेली. अग्नी पुतण्याने द्यायचा ठरला. दादाला तोंड तरी दाखवू, असे कोणी तरी म्हणाले. पण घरात रेंज नाही, आणि स्मशान नदीकाठी, खोलगटात, तिथे तर नाहीच नाही. माणसे पावसात तशीच उभी राहिली. तेव्हा गावातले एक म्हातारे बाबा म्हणाले, "इसावा नेटवर्कला घ्या."

विसावा म्हणजे काय, हे शहरात आता कदाचित सांगावे लागेल. तिरडी नेताना वाटेत एका ठरलेल्या जागी ती खाली टेकवतात, खांदेकरी जागा बदलतात, मग पुढे निघतात. आमच्या गावची विसाव्याची जागा नदीच्या वाटेवर, एका जांभळीखाली आहे. माझ्या आजोबांना तिथेच टेकवले होते. त्या दिवशी चौघे जण मामांना घेऊन चिखलातून टेपाड चढले. पाय घसरत होते. वर पोचल्यावर तिरडी टेकवली, दोघांनी छत्र्या धरल्या, कोणी तोंडावरचे कापड बाजूला केले, आणि मी फोन लावला.

दादा वाशीच्या खोलीत कॉटवर बसला होता. मागे वहिनी उभी होती. मी फोन मामांच्या तोंडाकडे फिरवला. दादाने पाहिले. काहीच बोलला नाही. मध्येच चित्र थिजले. ते हलेना, तेव्हा त्याला वाटले की फोन बंद पडला. मग पुन्हा सुरू झाले. थोड्या वेळाने तो म्हणाला, "न्या आता पुढं. भिजत्यात."

माणसे उतरून गेली. मी टेपाडावरच राहिलो, कारण खाली गेलो असतो तर फोन बंद पडला असता. तिथून स्मशान दिसत नाही. मधे झाडी आहे. दिसतो तो नदीचा एक तुकडा आणि त्याच्यावरचे आभाळ. मी फोन तिकडे धरून उभा राहिलो. ओली लाकडे पेटायला बराच वेळ लागला. मग धूर वर आला. हे यंत्र चित्र पाठवताना हलत नाही तेवढा भाग पुन्हा पाठवत नाही, हलतो तेवढाच पाठवते; त्यामुळे भिंतीपुढे बसलेला माणूस त्याला सोपा जातो, आणि पाऊस व धूर यांच्यापुढे ते हात टेकते. दादाच्या पडद्यावर धुराचे नुसते करडे चौकोन होत होते, असे त्याने मला मागाहून सांगितले. पाऊण तास आम्ही दोघे तसेच होतो. तो बोलला नाही, मी बोललो नाही. फोनची बॅटरी संपत आली, तेव्हा मी त्याला तसे सांगितले. "बरं," तो म्हणाला. "झालं."

संध्याकाळी आत्याजवळ जाऊन बसलो. ती भिंतीला टेकून बसली होती. बऱ्याच वेळाने तिने विचारले,

"बगितलं का त्यानं?"

"बघितलं."

"रडला?"

"नाही."

ती गप्प राहिली. मग म्हणाली, "तू बगितलास न्हवं त्याला? वाळलाय का?"

मी आठवून सांगितले. दाढी वाढली होती. तब्येत ठीक वाटली. अंगात पांढरा सदरा होता. ती एकेक गोष्ट विचारत गेली. मागे कोण होते, पोरे दिसली का, खोलीत दिवा होता का. तोवर आपल्या नवऱ्याच्या सबंध आजारपणात ती मुलाशी रोज फोनवर बोलत होती आणि "बरा हाय" एवढे ऐकत होती. आता त्याला पाहून आलेला माणूस तिला मिळाला होता, आणि माझ्यापाशी जे जे दिसले होते ते ती झाडून काढून घेत होती.

तेराव्यानंतर ती स्वतःच फोन तोंडापुढे धरायला शिकली. रोज दिवस मावळायच्या आत टेपाडावर जाई. बोलणे फारसे नाहीच. दादा गोण्या उचलून थकलेला असे. तो चहा घेई, ती बघे. एकदा मी तिला म्हणालो, "आत्या, काही बोलत नाही, मग एवढं चढून कशाला जातेस?" ती म्हणाली, "बोलायला काय जातंय? बोलनं खोटं बी बोलता येतंय."

तेव्हापासून मला या यंत्राविषयी माझे एक मत झाले आहे. बोलण्यासाठी ते वाईट आहे. बोलायचे असेल तर नुसता आवाज पुरतो, नव्हे, बरा पडतो. टॉवेल आवरावे लागत नाहीत. पण न बोलता नुसते जवळ बसायचे असेल, तर त्याच्यासारखे दुसरे नाही. माझी पुतणी जर्मनीत श्टुटगार्टला शिकते. तिचा आणि माझ्या आईचा दर रविवारी फोन असतो. पहिले वर्षभर तो तोंडदेखला झाला. जेवलीस का, थंडी आहे का, कधी येणार, संपले. पुढे केव्हा तरी तिने फोन साखरेच्या डब्याला टेकवून स्वयंपाक करायला सुरुवात केली, आणि इकडे आईने परडीत मेथी घेतली. आता अर्धा अर्धा तास दोघींत शब्द नसतो. ती कांदा चिरते, ही मेथी निवडते. मधूनच आई म्हणते, "अगं, फोडणी करपली," आणि साडेतीन तास मागे असलेल्या गावी, उन्हाळ्यातली वेळ सांगतो आहे, हिवाळ्यात ते अंतर साडेचार होते, गॅस बारीक होतो.

भाऊबीजेचे मात्र मला अजून पटलेले नाही. तबक फोनपुढे ओवाळायचे, अक्षता काचेवर टाकायच्या, आणि ओवाळणी बँकेच्या खात्यात जमा झाल्याचा टिंग आवाज ऐकून तबक खाली ठेवायचे! आमच्या शेजारच्या घरी गेल्या दिवाळीत निरांजनाची ज्योत फोनच्या फार जवळ गेली, आणि भावाला ओवाळणीत नवा फोन पाठवावा लागला. निदान त्या एका बहिणीच्या दृष्टीने तरी व्यवहार फायद्याचा झाला, हे मान्य करायला हवे.

केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये देशातल्या २४,६८० वंचित गावांत ४-जी पोचवण्याची योजना मंजूर केली, खर्च सव्वीस हजार कोटींच्या वर. तेव्हापासून आमच्या खोऱ्यातही मनोऱ्यांची बोलणी सुरू झाली, आणि पलीकडच्या डोंगरावर एक उभाही राहिला. आता आत्याच्या ओसरीवर, खांबापाशी उभे राहिले तर, दोन काड्या रेंज येते. दादाला वाटले, म्हातारीचे चढणे वाचले. पण ती अजून संध्याकाळी टेपाडावरच जाते. मी कारण विचारले, तर म्हणाली, ओसरीवर बोलले की सगळे घर ऐकते; आणि टेपाडावर गावातल्या चारपाच जणी आपापली पोरे बघायला जमतात, त्या एकमेकींची पोरेही बघतात. अमकीचा आता टक्कल पडायला लागलाय, तमकीच्या सुनेने केस कापले, हे तिला तिथेच कळते.